एका ताऱ्याचा ताळेबंद

प्रवासास निघालेल्या मराठी गृहस्थाच्या मनात खर्चाची जी दप्तरे उघडलेली असतात, त्यांपैकी विमानाचे भाडे, व्हिसाची फी आणि विम्याचा हप्ता या बाबी एकदा मंजूर झाल्या की त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचा शिरस्ता नाही. परंतु जेवणाची बाब मात्र रोज नव्याने मंजुरीसाठी दाखल होते, रोज तिच्यावर नव्याने जाबजबाब होतात, आणि ज्या मनुष्याने काही आठवड्यांपूर्वीच विमानकंपनीच्या तिजोरीत लाखाच्या वरची रक्कम निमूटपणे भरलेली असते, तोच मनुष्य पॅरिसच्या भर रस्त्यात, कॉफीगृहाच्या दरफलकासमोर उभा राहून साडेचार युरोंना शंभराने गुणतो आणि त्या गुणाकाराने व्यथित होऊन पुढे चालू लागतो. विमानास पर्याय नसतो, म्हणून तेथे विवेक स्वस्थ झोपलेला असतो. भुकेला मात्र पर्याय असतात, आणि आमच्या बाबतीत तर ते डब्यांत भरून बरोबरच आणलेले होते.

आम्ही चौघे होतो: मी, माझी पत्नी, तिचे वडील बंधू दादासाहेब आणि त्यांचे कुटुंब, म्हणजे आमच्या वहिनी. बिऱ्हाड गार दु नोर स्थानकाच्या मागल्या अंगाला, ला शापेलच्या वस्तीत होते. जाफन्याकडून आलेल्या तमिळ मंडळींनी तेथे अशी काही दुकाने थाटली आहेत की कढीलिंब, हिरवी मिरची, शेवग्याच्या शेंगा आणि उडदाची डाळ यांच्यासाठी फ्रेंच भाषेचा एक शब्दही खर्ची घालावा लागत नाही. त्यामुळे पॅरिसमध्ये आपली उपासमार होईल ही वहिनींची भीती पहिल्याच सकाळी मिटली, आणि तिच्याबरोबरच बाहेर जेवण्याचे एकमेव सबळ कारणही मिटले. अशा निर्वेध परिस्थितीत माझ्या पत्नीने एका संध्याकाळी, मेतकूट-भाताचा दुसरा घास घेता घेता, दरखास्त मांडली: “इतक्या लांब आलोय, तर एकदा तरी त्या तारेवाल्या हॉटेलात जेवून येऊ या.”

दादासाहेब जिल्हा कोषागारातून निवृत्त झालेले आहेत. दुसऱ्यांच्या देयकांवर आक्षेप नोंदवून ती परत पाठवण्यात ज्यांचे अवघे तारुण्य गेले, त्यांच्यापुढे अशी दरखास्त विनाआक्षेप मंजूर होणे संभवनीयच नव्हते. त्यांनी भ्रमणध्वनीवर त्या उपाहारगृहाचे दर तपासले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “रात्रीचे माणशी दोनशे दहा युरो. हा खर्च घालायचा कोणत्या लेखाशीर्षाखाली? अन्न, करमणूक, की अपघात?”

“दादा, काल तू लूव्हरचं तिकीट काढलंस,” पत्नी म्हणाली, “तिथं काय खायला मिळालं?”

हा युक्तिवाद मला निरुत्तर करणारा वाटला. परंतु कोषागारात मुरलेला मनुष्य निरुत्तर होत नाही, तो फक्त प्रकरण तहकूब करतो.

या वादात जो ग्रंथ उभय पक्षांनी प्रमाण मानावा, तो पाकशास्त्रज्ञांनी लिहिलेला नसून चाकांच्या कारखानदारांनी काढलेला आहे, ही गोष्ट खवय्यांच्या सहसा ध्यानात राहत नाही. क्लेरमाँ-फेराँ येथील आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या बंधूंनी १९०० साली, ज्या वेळी साऱ्या फ्रान्स देशात मोटारी उण्यापुऱ्या काही हजार होत्या, त्या वेळी आपल्या मार्गदर्शिकेच्या ३५,००० प्रती छापून फुकट वाटल्या. हेतू इतकाच की मोटारवाल्यांनी घरी बसू नये, हिंडावे, चाके झिजवावीत आणि मग नवी विकत घ्यावीत. पुढे एका दुकानात कामाच्या बाकाचा डुगडुगणारा पाय आपल्याच ग्रंथाच्या प्रती खाली घालून स्थिर केलेला आंद्रे महाशयांच्या दृष्टीस पडला, आणि फुकट वस्तूची किंमत मनुष्य ओळखत नाही हे जाणून १९२० पासून त्यांनी तिला दर लावला, अशी आख्यायिका आहे. १९२६ साली उत्तम उपाहारगृहांच्या नावांपुढे तारा उमटू लागला, १९३१ मध्ये एक, दोन आणि तीन अशी त्याची श्रेणी लागली, आणि १९३६ मध्ये त्या श्रेणीचा अर्थ प्रसिद्ध झाला: एक तारा म्हणजे आपल्या वर्गात चांगले, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे इतके चांगले, आणि तीन म्हणजे केवळ तेवढ्यासाठी प्रवास करावा इतके. म्हणजे पाहा, ज्या प्रश्नावर आमच्या बिऱ्हाडात मेतकूट-भात निवत चालला होता, तोच प्रश्न या बंधूंनी शंभर वर्षांपूर्वी हाती घेऊन त्याचे उत्तर जिभेच्या मापाने न देता रबराच्या मापाने देऊन ठेवले होते.

मी हा सर्व इतिहास मोठ्या उत्साहाने निवेदन केला. दादासाहेबांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि आक्षेप नोंदवला, “आपण मेट्रोनं जाणार. आपलं कसलं चाक झिजतंय?”

येथे मला दैवाने हात दिला. पॅरिसच्या मेट्रोचे काही मार्ग लोखंडी चाकांवर नव्हे, तर हवा भरलेल्या रबरी चाकांवर चालतात. १९५६ साली अकरा क्रमांकाच्या मार्गावर प्रथम ती योजना अमलात आली, तीत याच मिशेलिन कंपनीचा हात होता, आणि गार दु नोरहून सेन नदीच्या डाव्या तीराला, म्हणजे त्या उपाहारगृहाच्या बाजूला, नेणारा चार क्रमांकाचा मार्गही त्याच जातीचा आहे. चाक झिजणारच होते. ते आपल्या मालकीचे नव्हते, एवढेच. परक्याचे चाक झिजते आहे हे कळताच दादासाहेबांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरली, तिचा लाभ घेऊन पत्नीने तहाची कलमे झटपट लिहून घेतली. जेवण रात्रीचे नव्हे, दुपारचे, कारण तीच चूल, तेच आचारी आणि तेच रुपे असूनही तेथे दुपारचा ठरीव बेत माणशी ९८ युरोंना होता, म्हणजे रात्रीच्या निम्म्याहूनही कमी. वहिनींसाठी शुद्ध शाकाहाराची पूर्वसूचना. आणि दादासाहेबांच्या आग्रहास्तव, तुलनेसाठी, आदल्या दिवशी एका स्वस्त भोजनगृहाची रीतसर पाहणी.

ती पाहणी फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरील शार्तिये या भोजनगृहात झाली. १८९६ साली कष्टकऱ्यांना ऊन ऊन रस्सा आणि मांस रास्त दरात मिळावे म्हणून निघालेले हे घर आजही तितकेच गर्दीचे, तितकेच गोंगाटाचे आणि तितकेच काटकसरीचे आहे. भिंतीशी लाकडी खणांची मांडणी आहे, त्यांत पूर्वी नित्याचे गिऱ्हाईक आपापला हातरुमाल ठेवून जात असे. आणि वाढपी तुमच्या जेवणाचा हिशेब समोर अंथरलेल्या कागदी टेबलपोसावरच पेन्सिलीने मांडतो. दादासाहेबांचे हृदय या शेवटच्या प्रकाराने पार जिंकले. उकडलेल्या अंड्यावर घातलेल्या पिवळ्या लपथपीत पदार्थाविषयी त्यांनी बरेवाईट काहीच मत दिले नाही, परंतु आकड्यांची ती उघडी मांडणी त्यांनी वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा बेरजेने ताडून पाहिली, ती बिनचूक निघाल्याबद्दल वाढप्याशी हस्तांदोलन केले, आणि कागदाचा तेवढा तुकडा प्रमाणक म्हणून फाडून खिशात घातला. पोट भरले, पैसे वाचले, गंमतही झाली. दरखास्तीच्या विरुद्ध याहून भक्कम पुरावा उभा करता आला नसता, आणि रात्री दादासाहेबांनी तो खिशातून काढून आम्हांला पुन्हा दाखवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेमल्या वेळी हजर झालो. प्रथम आमच्याकडून आमची ओझी घेण्यात आली. परंतु वहिनी आपली कापडी पिशवी सोडीनात, कारण तीत पासपोर्ट होते आणि, हे त्यांनी मराठीत सांगितले, वेळप्रसंगासाठी थोडा चिवडा होता. तेव्हा तेथील एका गंभीर तरुणाने किंचित लवून, मखमलीने मढवलेले एक बुटके आसन आणले आणि वहिनींच्या खुर्चीशेजारी मांडून त्यावर ती पिशवी दोन्ही हातांनी स्थानापन्न केली. तेथल्या बड्या घरांतून स्त्रियांच्या पिशव्यांसाठी अशी आसने ठेवलेली असतात. एरवी लग्नाच्या पंक्तीत स्वतःला पाट मिळवण्यासाठी ज्यांना दुसऱ्या पंगतीपर्यंत तिष्ठावे लागले होते, त्या वहिनी आपल्या पिशवीला मिळालेल्या मानाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

मग पत्रिका आल्या आणि खरा अनर्थ तेथे घडला. ज्याच्या नावे जागा राखून ठेवलेली असते, त्या यजमानाच्या पत्रिकेवरच दर छापायचे आणि बाकीच्यांच्या पत्रिका कोऱ्या ठेवायच्या, ही जुनी चाल या घराने अद्याप सांभाळली होती. जागा माझ्या नावावर होती. दादासाहेबांनी आपली पत्रिका उघडली, मिटली, पाठपोट पाहिली, आणि अखेर नोटेची खूण तपासावी तशी खिडकीच्या उजेडाकडे धरली. परंतु आकडा म्हणून कोठे दिसेना. वास्तविक या नगरीने जगाला जी काही नवी देणगी दिली ती दर छापलेली पत्रिका हीच होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खाणावळीत जो गेला त्याने लांब मेजावर चार अनोळखी लोकांत बसून जे पुढे येईल ते खावे. पुढे बोव्हिलिये नावाच्या एका राजघराण्यातल्या आचाऱ्याने, जो कमरेला तलवार लटकावून पाहुण्यांचे स्वागत करी असे सांगतात, आणि त्याच्यासारख्या इतरांनी प्रत्येकाला स्वतंत्र मेज आणि निवडीसाठी दरासह पत्रिका दिली. जेवणाऱ्याला आपल्या खर्चाची मर्यादा आधी ठरवता येऊ लागली, याचे कौतुक ब्रिया-साव्हारँ या न्यायाधीशाने १८२५ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात केलेले आहे. दर नसलेली पत्रिका ही या दृष्टीने पाहता उघड प्रतिक्रांती होती, आणि तिचा पहिला बळी आमचे दादासाहेब होते. “आकडा सांगा,” ते हलक्या आवाजात मला म्हणाले. मी सांगितला नाही. इतक्या वर्षांच्या नात्यात एवढा अधिकार मला प्रथमच प्राप्त झाला होता.

पहिले काही पदार्थ इतके लहान होते की ते आले केव्हा आणि गेले केव्हा, याची नोंद जिभेच्या आधी डोळ्यांनाच झाली. पाव आणि लोणी मात्र उत्कृष्ट होते. पावाचे कवच नखाने वाजवले असता वाजत होते, लोण्यात मिठाचे कण दाताखाली येत होते, आणि ही दोन्ही त्या बेतात मोजून मिळत नव्हती. मागाल तितकी मिळत होती. वहिनींची अडचण निराळी होती. आपल्याकडे ताट वाढले की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि जेवणाऱ्याला आपले सारे भवितव्य पहिल्या घासापूर्वीच दृष्टीस पडते. कोठे हात आखडायचा आणि कशासाठी जागा ठेवायची, हे तो ठरवू शकतो. फ्रान्सातील मेजवान्यांतही पूर्वी पुष्कळशी पात्रे एकदमच मांडीत. एकामागून एक पदार्थ आणण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत म्हणून तेथे रूढ झाली. तेव्हापासून जेवणारा अंधारात जेवतो. “पुढं अजून काय आहे हे कळल्याशिवाय किती खायचं कसं ठरवू?” हा वहिनींचा प्रश्न मी भाषांतर करून वाढप्याला सांगितला, आणि त्याने तितक्याच गांभीर्याने अजून पाच गोष्टी यावयाच्या असल्याचे सांगून त्यांचे समाधान केले.

मग चार माणसांनी चार घुमटाकार झाकणे एकाच क्षणी उचलली आणि वहिनींच्या पुढ्यात मटार आले. मे महिना असल्यामुळे मटार कोवळे होते. त्यांत मटाराच्याच शेंगांचा गाळलेला रस होता, पुदिन्याची चार पाने होती, आणि दुसरे काही नव्हते. मी निराश झालो. अठ्ठ्याण्णव युरोंना मटार, हे शीर्षक मला मनातल्या मनात दिसू लागले. वहिनींनी मात्र चमचा तसाच धरून एक दाणा डोळ्यांजवळ नेला आणि त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, “अगं, प्रत्येक दाण्याचं साल काढलंय. बघ, दळंसुद्धा नीट वेगळी आहेत. हे कोणी बसून सोललं असेल?”

वाल भिजवावेत, मोड आणावेत, ऊन पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरून सोलावा आणि डाळिंब्यांची उसळ करावी, हे काम ज्यांनी जन्मभर केले त्यांनाच हा प्रश्न सुचू शकतो. मी तो वाढप्यापुढे ठेवला. त्याचा चेहरा त्या दिवशी प्रथमच उजळला. आत दोन शिकाऊ मुले आहेत, तो म्हणाला, आणि त्यांची अर्धी सकाळ मटार सोलण्यात गेली.

“दोन माणसं? नुसत्या वाटाण्याला?” दादासाहेब खुर्चीत ताठ बसले. दर नसलेल्या पत्रिकेने ज्या मेंदूला तासभर बेकार ठेवले होते, त्याला अखेर काम मिळाले. त्यांनी चौकशीचा रोख बदलून त्या तरुणाकडून स्वयंपाकघरातील माणसे विचारून घेतली, ती चौदा निघाली. दिवाणखान्यातील वाढपी, मद्याचा जाणकार, दारावरचा गृहस्थ असे नऊ जण त्यांनी स्वतः मोजले. मग मेजे फिरून पाहुणे मोजले, ते अठ्ठावीस भरले. दुपारचा दर बिऱ्हाडातच ठरल्यामुळे त्यांना तो पाठ होता. हातरुमालाखाली बोटांवर चाललेले हे गणित संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या दृष्टीत व्याकुळता होती.

“अठ्ठावीस गुणिले अठ्ठ्याण्णव, दोन हजार सातशे चव्वेचाळीस. त्यात दहा टक्के कर सरकारचा, तो वजा जाता अडीच हजार राहिले. माणसं तेवीस. म्हणजे माणसामागं सव्वाशे युरोसुद्धा पडत नाहीत, आणि त्यातूनच भाजी, लोणी, जागेचं भाडं, धोबी! अहो, दुपारच्या वेळेला हे लोक आपल्याला तोट्यात जेवू घालताहेत.”

येथे सांगितले पाहिजे की हिशेबाच्या दृष्टीने दादासाहेब फारसे चुकीचे नव्हते. असल्या घरांत पाहुणे आणि नोकर यांची संख्या पुष्कळदा जवळ जवळ सारखी असते, दुपारचा बेत हा मुख्यतः खुर्च्या भरलेल्या राहाव्यात म्हणून ठेवलेला असतो, आणि नफ्याची जी काही आशा असते ती रात्रीवर आणि मद्याच्या तळघरावर असते. परंतु ज्या आक्षेपकाला पदार्थांची चव, इमारतीची शोभा आणि माझे इतिहासकथन यांपैकी काहीही वश करू शकले नव्हते, तो केवळ आस्थापनेचा खर्च पाहून विरघळावा, हे दृश्य मला मटारापेक्षा अधिक रुचकर वाटले.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून आपल्याकडे डाळिंब्या सोलते आहे. तेव्हा नाही कधी माणसं मोजलीत.”

दादासाहेबांनी पाण्याचा पेला उचलला. ते पाणी नळाचे होते. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर सुरईभर साधे पाणी आणि पाव विनामूल्य देणे उपाहारगृहांवर बंधनकारक आहे, आणि बाटलीचे पाणी हवे का, हा प्रश्न कितीही मधुर स्वरात विचारला गेला तरी नाही म्हणण्यात कोणताही कमीपणा नाही.

पुढील पदार्थांविषयी मी लवकर आटोपते घेतो. मासा ताजा होता आणि लहान होता. चीजची गाडी आली तेव्हा वहिनींनी ती कशाने विरजतात अशी पृच्छा केली, आणि वाढप्याने प्रामाणिकपणे सांगितले की ब्री, कोंते, रोकफोर अशा जुन्या नावाजलेल्या जातींना वासराच्या जठरातील द्रव्यच लागते. गाडी जशी आली तशी वहिनींपुरती परत गेली, आणि तिच्याऐवजी मधात घोळलेल्या स्ट्रॉबेऱ्या आल्या, त्याही पत्रिकेत नसलेल्या. मग गोड, मग गोडानंतरचे गोड, मग कॉफीबरोबर त्याहून लहान गोड. दरम्यान एक मनुष्य चांदीच्या पट्टीने मेजावरचे पावाचे कण टिपून गेला, आणि दादासाहेबांनी ते किती आहेत हे पाहण्यासाठी मान वळवली.

खरा लाभ मला कोठे झाला म्हणाल, तर खुर्चीत. प्रवासी मनुष्य या नगरीत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा असतो. तो रांगेत उभा असतो, पुलावर उभा असतो, मोनालिसासमोर दुसऱ्याच्या टाचेवर उभा असतो, आणि जेथे बसावे तेथे काहीतरी विकत घेण्याचा तगादा लागलेला असतो. येथे आम्ही तीन तास बसलो होतो आणि कोणीही आम्हांला उठवले नाही. तेथील रिवाजाप्रमाणे मेज त्या वेळेपुरते तुमचेच असते, आणि तुम्ही स्वतः तोंडाने मागितल्याखेरीज बिल तुमच्यापुढे आणून ठेवणे हा उद्धटपणा समजला जातो. वहिनींनी जोडा काढून पाय आसनाखाली घेतले होते. पिशवी अजून मखमलीवर होती.

बिल मागवले. चार बेतांचे ३९२, माझ्या द्राक्षासवाच्या एका पेल्याचे १८, चार कॉफींचे ३२, एकूण ४४२ युरो; सेवेचे शुल्क कायद्याने किमतीतच धरलेले असल्यामुळे त्याउपर काही देण्याची सक्ती नव्हती. तथापि दादासाहेबांनी सर्वांची पाठ वळली असे समजून पाच युरोंची नोट बशीखाली सरकवली, आणि ती कोणासाठी म्हणून पत्नीने हटकले तेव्हा, “सोलणाऱ्या पोरांसाठी,” एवढेच बोलून ते आपला कोट आणावयास गेले.

आता इतरांनी असा खर्च करावा की नाही, याविषयी माझे मत विचारले जाते म्हणून सांगतो. रात्री जाऊ नये. दुप्पट पैसे देऊन मिळते ती फक्त झोप. तिन्ही ताऱ्यांच्या मागे लागू नये. ती घरे पॅरिसमध्ये रात्री बहुधा माणशी चारशे युरोंच्या पुढे जातात, आणि तेवढ्यात शार्तियेमध्ये एक आख्खे वऱ्हाड जेवून निघते. प्रवासाच्या पहिल्या दिवशी जाऊ नये, कारण तेव्हा पाय दुखत नसतात. शेवटच्या दिवशीही जाऊ नये, कारण तेव्हा खिसा दुखत असतो. मधल्या एखाद्या दुपारी, एकच तारा पाहून, शाकाहाराची वर्दी दोन दिवस आधी देऊन, भरपूर चालून थकल्यावर अवश्य जावे, आणि बरोबर कोषागारातला मनुष्य असेल तर जागा चुकूनही त्याच्या नावावर राखू नये.